चौथं बोट

नत्थुजी आणि शेषराव यांचं बोलणं चार वर्षांपासून बंद होतं. येणं-जाणं मात्र बंद नव्हतं, कारण ते बंद करायचं असं कोणी म्हटलंच नव्हतं.

भांडण झालं ते अकोल्याच्या भर बैलबाजारात, शेदीडशे माणसांच्या आणि तेवढ्याच बैलांच्या साक्षीनं. शेषराव म्हणाले होते, "आजपासून तुह्याशी एक शबूद बोललो तर माही जीभ झडो." त्यावर नत्थुजींनी जे उत्तर दिलं त्यात शेषरावांची आई होती, एक गाढव होतं, आणि शेवटी एक कलम होतं: "जो पहिले बोलला तो हारला." दोघंही हयातभराचे दलाल. सौद्यात जेवढं ठरलं तेवढंच बांधील, बाकीचं मोकळं. म्हणून दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी नत्थुजी नेहमीसारखे शेषरावांच्या दारात आले, चपला काढल्या आणि दिवाणाच्या उजव्या टोकाला बसले. डाव्या टोकाला शेषराव बसलेच होते. जमुनाबाईंनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग नत्थुजींकडं, कपाळाला हात लावला आणि दोन कप चहा टाकला.

घर जुन्या शहरातलं, मोर्णा नदीकडं उतरणाऱ्या गल्लीतलं. नत्थुजींचं घर त्याच गल्लीत, चार दारं सोडून. शेषरावांच्या बापाची नदीपलीकडं झेंडूची आणि भाजीची वाडी होती. पण शेषरावांना फुलांपेक्षा जनावर आवडे, आणि जनावरापेक्षा त्याच्यावरून चालणारी घासाघीस. तीस वर्षं त्यांनी दलाली केली. घेणाऱ्याच्या बाजूनं शेषराव उभे राहिले की विकणाऱ्याच्या बाजूनं नत्थुजी, असं बाजारानं धरूनच ठेवलं होतं.

बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नाही, ही जुनी रीत. दोन दलाल समोरासमोर उभे राहतात, एकाच्या खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर पडतो आणि त्या कापडाखालच्या अंधारात बोटं बोलतात. जितकी बोटं धरली तितका भाव. वर दोघांची तोंडं आभाळाकडं. एक कपाशीचं बोलतोय, दुसरा पोरीच्या सोयरिकीचं. खाली गळा कापणं चालू. भाव पटला की दुपट्टा उचलला जातो आणि दोघं दोन दिशांना चालायला लागतात. सौदा तुटला नाही आणि पटलाही नाही, तर मात्र तिथून हलायचं नाही. ऊन असो, उपास असो, मागं बैलानं शेण टाकलेलं असो.

त्या दिवशी कापडाखाली हात नत्थुजींचा होता आणि धरणारे होते शेषराव. नत्थुजींचं म्हणणं, चार बोटं धरली. शेषरावांचं म्हणणं, तीनच धरली, चौथं नुसतं लागलं. एवढंच. एका करंगळीवरून बाजार थांबला. विकणारा आपल्या गावी गेला, घेणारा आपल्या गावी गेला, बैल कोणी तिसऱ्यानंच नेला. करंगळी तेवढी मागं राहिली.

पुढं बाजारही ओसरला. ट्रॅक्टरचा भाव बोटांवर मावत नाही. दोघांच्या हातांना पोळी मोडण्यापलीकडं काम उरलं नाही.

टीव्हीवरचे खेळाचे चॅनेल शेषरावांच्या मुलानं, पियुषनं, क्रिकेटसाठी लावून घेतले होते. मग तो हैदराबादला नोकरीला गेला आणि चॅनेल म्हाताऱ्यांच्या राज्यात आले. सुरुवातीला दोघांनी क्रिकेटच लावलं. पण त्यात एक घोळ होता. भारताची मॅच असली की दोघंही एकाच बाजूला यायचे. विकेट पडली की दोघांचे हात एकदम वर जायचे, टाळी द्यायला निघालेला हात अर्ध्या रस्त्यातून परत आणून डोकं खाजवावं लागायचं. असं एका बाजूला यायचं होतं तर भांडण कशाला पाळलं? शेषरावांनी रिमोट दाबत दाबत पुढं जाऊन टेनिस काढलं. तिथं दोन माणसं होती, दोन्ही गोरी, दोन्ही अनोळखी, कोणालाही धरावं. शेषरावांनी एकाला धरलं. नत्थुजींनी निमूटपणे दुसऱ्याला धरलं. त्या रात्री दोघांनाही बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

टेनिसच्या हिशेबावर शेषराव तर भाळलेच. पंधरा, मग तीस, मग चाळीस. "पंचेचाळीस पाह्यजे होते ना," ते टीव्हीला म्हणाले होते. "पाच कुठी गेले?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "दलाली." त्यावर नत्थुजींच्या नाकातून हवा सुटली होती. हसू म्हणून ती मोजायची की नाही, यावर शेषरावांनी दोन दिवस विचार केला होता.

बेसबॉल त्याच्याही पुढचा चॅनेल. तिथं एक जाडा माणूस तोंडाला जाळी बांधून, उकिडवा बसून, मांड्यांच्या मधोमध हात घालून बोटं दाखवत होता. समोरचा चेंडूवाला मान हलवत होता: नाही. उकिडव्यानं बोटं बदलली. पुन्हा नाही. पुन्हा बदलली. मान खाली गेली, हो. आणि चेंडू सुटला. शेषरावांच्या हातातला चहा कपातच राहिला होता. त्यांनी उजवीकडं पाहिलं. नत्थुजीही त्यांच्याकडं पाहत होते. दोघांनी लगेच माना फिरवल्या. पण काय पाहिलं ते दोघांनाही कळलं होतं. सातासमुद्रापलीकडं हजारो माणसांच्या मधोमध बैलबाजार चालू होता, फक्त दुपट्ट्याऐवजी मांड्या होत्या.

तेव्हापासून आधी टेनिस आणि मग बेसबॉल असा संध्याकाळचा रिवाज पडला. बेसबॉल जुन्या मॅचांचं असे. नव्या मॅचांमध्ये उकिडवा बसणारा मनगटावरचं बटण दाबतो आणि चेंडूवाल्याच्या टोपीत भाव ऐकू येतो, हे पाहिल्यापासून शेषरावांनी नव्या मॅचा सोडल्या होत्या. लाकूड घेऊन मधे उभ्या असलेल्या माणसाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. तो शेतकरी. भाव दुसरेच ठरवतात आणि याला नुसतं फिरवायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी नत्थुजींची बायको रुख्मिणी गेली. शेषरावांनी बांबू आणले, खांदा दिला, तेराव्याला पंगतीत वाढप केलं, पुढं महिनाभर दोन्ही वेळचा डबा नेऊन ठेवला. शब्द मात्र काढला नाही. डबा ठेवला की नुसती कडी वाजवायची. यात मोठेपणा काही नव्हता. तेव्हा एक जण बोलला असता तर दुसरा रडला असता, आणि ते दोघांनाही परवडलं असतं. पण दोघंही एक नंबरचे हेकट.

आणि आता नत्थुजी चालले होते. अमरावतीला, मुलाकडं, कायमचे. मुलगा शेखर तिथं एका कोचिंग क्लासमध्ये शिकवत होता. बापाचे गुडघे गेले, घरात एकटा, गॅस चालू ठेवून बाहेर येऊन बसतो, हे त्याच्या कानावर गेलं होतं. तो उद्या सकाळी गाडी घेऊन येणार होता. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. शेषरावांना जमुनाबाईंकडून कळलं, कारण दुसऱ्या कोणाकडून कळण्याची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती.

म्हणजे बोलायचं असेल तर आज. आणि जो बोलला तो हारला. हारला म्हणजे चार वर्षांनी समोरच्याचा आकडा कबूल केला.

शेषराव दिवसभर पहिलं वाक्य जमवत होते. "नत्थू, जाऊ नको," हे आंघोळीच्या वेळी जमलं, पण ते फारच उघडंनागडं वाटलं. "नत्थू, अमरावतीत तुले करमनार नाही," हे दुपारी वाडीत झेंडूला पाणी देताना सुचलं. त्यावर नत्थुजी "इथं तरी कुठी करमते" म्हणतील आणि संपलं. शेवटी त्यांनी एक कोरडं वाक्य काढलं: "नत्थू, कूलरची मोटर पाह्य बरं, आवाज करून राह्यली." यात प्रेम नाही, माघार नाही, नुसती मोटर. एखादा माणूस मोटरीविषयी बोलला तर तो हारला असं कोणी म्हणू शकत नाही.

पण संध्याकाळी नत्थुजी येऊन बसले आणि कूलर हलकट निघाला. कधी नव्हे तो अगदी शांत चालू लागला.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता. दार, खिडक्या, भिंती, दिवाणाची गादी, सगळं आतून तापलेलं. टीव्हीवर पॅरिसची लाल माती होती आणि तिच्यावर चार जण, दोघं विरुद्ध दोघं. शेषरावांनी उंच जोडी धरली. नत्थुजींनी अर्थातच टकली.

"ही माती कायच्या कामाची?" शेषराव टीव्हीला म्हणाले. "यात तूर तरी येते का?"

"काई लोकायले सगळीकडं तूरच दिसते," नत्थुजी कूलरला म्हणाले.

जमुनाबाई चहा घेऊन आल्या. नत्थुजींनी कप घेतला आणि म्हणाले, "वहिनी, त्याईले सांगा, आवाज कमी करा म्हना. कान फुटून राह्यले."

जमुनाबाई दोनच हात अंतरावर बसलेल्या नवऱ्याकडं वळल्या. "आवाज कमी करा म्हन्तात."

"त्याले म्हना, कान अमरावतीले नेऊन दाखव. तिथं मोठमोठे डाक्टर हायेत."

बोलून गेल्यावर शेषरावांना कळलं की अमरावती हा शब्द आपल्याच तोंडून पहिल्यांदा या खोलीत आला. नत्थुजींनी चहात फुंकर घातली. चहा गरम नव्हता. जमुनाबाईंनी हा निरोप पोचवला नाही, तशाच उभ्या राहिल्या.

टीव्हीवर जाळीपाशी वाकलेल्या टकल्यानं हात पाठीमागं नेला आणि ढुंगणाशी बोटं दाखवली, मागं चेंडू मारणाऱ्या आपल्या जोडीदाराला.

"पाह्य, पाह्य!" शेषराव ओरडले. "तीन दाखोले!"

"चार," नत्थुजी कपाला म्हणाले.

"डोळे फुटले का लोकायचे? तीन!"

"ज्याले मोजता येत नाही तो तीनच म्हनन."

"ज्याच्या मनात पाप हाये त्याले चार दिसन!"

"झालं?" जमुनाबाई म्हणाल्या. ट्रे त्यांनी टीव्हीसमोरच धरला, त्यामुळे दोघांनाही त्यांच्याकडं पाहावं लागलं. "चार वर्सं झाले, मी तुमच्या दोघायच्या तारा पोचवून राह्यली. पोस्टातला मानूसही रिटायर होते. एवढा मोठा तो पॅरिसचा मानूस, बिचारा घाम गाळून खेळते, अन् तुमी त्याच्या बुडाकडं पाहून भांडता. उद्यापासून कोनाचं कोनाले सांगू मी? सांगा ना."

त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मी चालली राजेश्वराच्या देवळात," त्या म्हणाल्या. "तुमचे निरोप तुमीच पोचवा." चपला घालून त्या गेल्याही. जाताना दार ओढून घेतलं, जरा जोरातच.

आता खोलीत दोन म्हातारे, एक टीव्ही आणि तो बेइमान कूलर. टेनिस संपलं. टकले जिंकले. नत्थुजींनी जिंकल्याचं काहीच दाखवलं नाही, आणि ते शेषरावांना हरण्यापेक्षा जास्त लागलं. एरवी टकले जिंकले असते तर नत्थुजींनी खिशातली सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढून, हळूच सोडून, शेषरावांना दिसेल अशी चिमूट उचलली असती. आज पुडी निघाली नाही. अमरावतीत सून गीतांजली खर्रा चालू देणार नाही, हे जमुनाबाईंनी सांगितलं होतं. बहुतेक आजपासूनच सवय चालू होती.

शेषरावांनी बेसबॉल लावलं. निळ्या टोप्या आणि लाल टोप्या. त्यांनी निळ्या धरल्या. लाल टोप्या आपोआप उजवीकडं गेल्या.

"आता हा जाडा पाहा," ते टीव्हीला सांगू लागले. चार वर्षांत ते टीव्हीशी जितकं बोलले होते तितकं जमुनाबाईंशी तीस वर्षांत बोलले नसतील. "हा पक्का दलाल. याचे गुडघे पाहा, वर्सानुवर्सं उकिडवा बसते. याच्या गुडघ्याले कोनी अमरावतीले नेते का?"

नत्थुजींनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्याच्या घरी कोनी असंन," ते टीव्हीला म्हणाले. "राती पानी द्याले."

 शेषरावांना एकदम दिसलं की रात्री नत्थुजी पाणी प्यायला उठत असतील, भिंत धरत धरत, आणि चार दारांवर आपण घोरत असू. चार वर्षं आपण त्यांना रोज संध्याकाळी चहा पाजला आणि रात्रीचं पाणी कोण देतं हे विचारलं नाही. विचारणार कसं? विचारणं म्हणजे बोलणं.

शेवटचा डाव आला. तिन्ही खुंटांवर लाल टोप्यांची माणसं उभी. जाडा उकिडवा बसला. चेंडूवाल्यानं टोपी सारखी केली. जाड्यानं मांड्यांमध्ये हात सोडला. एक बोट. दोन बोटं. तीन. आणि करंगळी हलली, खाली येतेय की नुसती हलतेय हे कळायच्या आत लाइन गेली.

टीव्ही काळा. कूलरचं पातं सावकाश थांबलं. गल्लीतून पोरांचा ओरडा आला, "गेली रे!" मग तोही विरला. दार ओढलेलं, बाहेर दिवेलागणीचा उजेड, आत मातकट अंधार. कूलरच्या वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं.

आणि बोलायला कोणीच नव्हतं. जमुना नाही, टीव्ही नाही. कूलरही मेलेला. तीन होती का चार, हे कोणाला विचारावं?

शेषरावांनी घसा खाकरला. नत्थुजींनीही खाकरला. मोटरीचं वाक्य आठवलं, पण मोटर आता बंद होती. बंद मोटर आवाज करतेय असं म्हणणारा माणूस नुसता हारत नाही, वेडाही ठरतो. दिवसभर जमवलेलं सगळं भांडवल असं पाण्यात गेलं. शेषरावांच्या अंगाला घाम सुटला, तो पुसायला त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला.

पुसला नाही. दुपट्टा त्यांनी दिवाणावर, दोघांच्या मधोमध, पसरला. चार वर्षं तिथं कोणी बसलं नव्हतं. मग आपला हात त्याखाली घातला आणि तोंड छताकडं केलं.

 ठिबक चालू होती. मग कापड हललं.

नत्थुजींचा हात खाली आला होता. शेषरावांनी तो अंधारात ओळखला आणि ओळखला नाही. बोटं वाळली होती. कातडं हाडावर सैल फिरत होतं, बैलाच्या मानेखाली लोंबणाऱ्या पोळीसारखं. तर्जनी धरली, मग मधलं, मग अनामिका. तीन झाली. इथवर भांडण नव्हतंच. शेषरावांनी डोळे मिटले आणि चौथ्यासाठी हात पुढं नेला. घे लेका, चार तर चार. हारलो, पण तोंडानं नाही.

करंगळी नव्हती.

त्यांनी चाचपलं. नत्थुजींनी ती तळहातात मिटून घेतली होती. शेषरावांनी नखानं ती सोडवायला पाहिली. नत्थुजींनी आणखी घट्ट मिटली. शेषरावांनी दुसरा हातही घातला. म्हातारा गुडघ्यानं गेला असेल, मुठीनं गेला नव्हता. दिवाण करकरला. एक उशी खाली पडली. वर दोघांची तोंडं अजून छताकडंच होती, जणू तिथं कपाशीचा भाव लिहिलाय. खाली दोन वयस्कर माणसं एका करंगळीसाठी पोरांसारखी झटत होती.

"करंगळी काहून मिटून राह्यला बे?" शेषराव ओरडले.

छताकडची दोन्ही तोंडं एकदम खाली आली.

"तू पहिले बोलला," नत्थुजी म्हणाले. त्यांचा आवाज शेषरावांना रोज ऐकू येत होता, पण तो आज पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडं आला.

"बोललो. हारलो. आता बोट दे."

"नाही देत. तीनच होते."

"चार होते! मी धरलं होतं चौथं!"

"धरलं नव्हतं. नुसतं लागलं होतं. बोट माहं हाये का तुहं? मले मालूम नाही का?"

"अबे, मंग चार वर्सं चार चार काहून बोंबलत होता?"

"तू तीन तीन बोंबलत होता म्हनून!"

"म्हंजे मी खरं बोलत होतो?"

"हाव ना!"

"नाही बोलत होतो! मले तवाच समजलं होतं, करंगळी हातात आली म्हनून. बाजारासमोर कसं म्हनू, का माहा हात घसरला? तीस वर्साचा दलाल मी!"

"तुहा हात घसरत नसते रे. माहंच बोट पुढं आलं होतं. मले वाटलं, येक बोट जास्त भेटलं तर भेटलं."

"तू मले शिकवू नको! चार!"

"तीन म्हन्तो ना लेका! कान फुटले का?"

"तू चार वर्सं चहा पिला माहा, अन् आता तीन म्हन्तो?"

"चहा वहिनीचा होता. तुहा कायचा?"

लाइन कधी आली ते कोणालाच कळलं नाही. टीव्हीवर निळ्या टोप्या किंवा लाल टोप्या एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होत्या. कोणी जिंकलं होतं. जमुनाबाई दारात उभ्या होत्या, हातात प्रसादाचा नारळ, तोंड उघडं. गल्लीच्या तोंडापासून आवाज ऐकत, कोण मेलं अशा घाईनं त्या आल्या होत्या.

"जमुना, त्याले सांग," शेषराव म्हणाले.

"वहिनी, त्याईले म्हना," नत्थुजी म्हणाले.

"आता तोंडं फुटले ना तुमचे? मंग मले काहून सांगता?" जमुनाबाईंनी नारळ ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. घाम होता असं त्या नंतर सांगत.

नत्थुजी उठले. गुडघ्यावर हात देऊन, दोनदा प्रयत्न करून. "उद्या येतो मी," ते तावातावानं म्हणाले. "याचा फैसला झाल्याशिवाय..." आणि थांबले. उद्या हा शब्द त्यांनी सवयीनं वापरला होता.

आता बोलता येत होतं. "नत्थू, जाऊ नको," हे वाक्य सकाळपासून तयार होतं, धुतलेलं, वाळलेलं. शेषरावांनी ते जिभेवर आणलं आणि त्यांना रात्रीचं पाणी आठवलं.

"जाय," ते म्हणाले. "शेखर चांगला पोट्टा हाये. गुडघे दाखव तिथं. पन सौदा तुटला नाही, ध्यानात ठेव."

"तुटला नाही अन् पटलाही नाही," नत्थुजी म्हणाले.

सकाळी शेखरची गाडी गल्लीत मावेना, म्हणून तोंडाशीच उभी राहिली. एक सूटकेस, एक पोतं, रुख्मिणीचा फोटो आणि जमुनाबाईंनी दिलेल्या कुरड्यांचा डबा आत गेला. नत्थुजी मागं बसले. शेषरावांनी खिडकीवर दुपट्टा टाकला. शेखर पुढून म्हणाला, "काका, एसी चालू आहे, काच वर घ्यायची." 

कापडाखाली तीन बोटं आली. शेषरावांनी चौथ्यासाठी हात फिरवला. मिटलेलं होतं. त्यांनी एकदा ओढून पाहिलं, मग सोडून दिलं. पटलेल्या सौद्यातली माणसं दोन दिशांना जातात, हे त्यांना माहीत होतं. हे बोट नत्थूकडं राहू दे. याच्यासाठी त्याला यावंच लागेल, बसनं, रेल्वेनं, नाहीतर शेखरच्या डोक्यावर बसून.

"हलकट," ते खिडकीत म्हणाले.

"तू," नत्थुजी आतून म्हणाले, आणि काच वर गेली.

त्या संध्याकाळी शेषरावांनी टीव्ही लावला नाही. दिवाणाच्या डाव्या टोकाला बसून राहिले. जमुनाबाईंनी सवयीनं दोन कप आणले, एक परत नेला, पुन्हा आणला आणि स्वतःच उजव्या टोकाला बसून प्यायला. तेवढ्यात फोन वाजला. शेषरावांनी उचलला, तर पलीकडून हॅलो नाही, काही नाही.

"टीव्ही लाव बे! टकले खेळून राह्यले!"

"तुले कसं मालूम, मी लावला नाही म्हनून?"

"आवाज येऊन नाही राह्यला ना! लाव. कोनाले धरलं तू?"

शेषरावांनी टीव्ही लावला. लाल माती होती. टकले पिछाडीवर होते. त्यांनी घाईनं समोरची जोडी धरली, नत्थुजींनी टकले ठेवले, आणि पहिल्याच गुणावर बोटं तीन दाखवली की चार यावरून अमरावती आणि अकोला जुंपलं. शेषरावांनी फोनचा आवाज मोठा करून तो दिवाणाच्या उजव्या टोकाला, उशीला टेकवून ठेवला. तो जागेवरून ओरडत राहिला, मधेच खर्ऱ्यासारखं काहीतरी चघळत, मधेच पलीकडच्या कोणाला तरी "बाई, येक मिनिट थांब" म्हणत.

जमुनाबाईंनी अर्धा तास सोसलं. मग त्या आतून कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "त्याईले सांगा, आवाज कमी करा म्हना. कान फुटून राह्यले."